वाराच्या रकान्यावरून पारख: 2026 ची भिंतीवरची पंचांग-दिनदर्शिका, खान्देशातल्या घरासाठी

डिसेंबर लागला की जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर दिनदर्शिकांचे गठ्ठे दिसू लागतात. गिऱ्हाईक चित्र बघतं, कागद चाचपतं, मागच्या पानावरचं राशिभविष्य वाचतं आणि पैसे देतं. वाराच्या रकान्याकडे कुणी बघत नाही, कारण त्यात चुकण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही. तिथी-नक्षत्रांचं गणित आता संगणकावर होतं आणि नावाजलेल्या पंचांगांत ते चोख असतं. घराची अडचण होते ती वारापाशी. कानबाईचा रविवार, श्रावणातले सोमवार, अंगारकी, सोमवती, गावचा बाजार, बँकेचा दुसरा-चौथा शनिवार हे सगळं वारावर चालतं. म्हणून ही पारख फक्त वाराची आहे. बाजारात मिळणाऱ्या चार प्रकारांची ती आहे: पंचांगासह बारा पानी मराठी दिनदर्शिका, बऱ्हाणपूरकडून येणारी हिंदी दिनदर्शिका, पतसंस्था-सराफ-कृषी केंद्राकडून फुकट मिळणारी, आणि मोबाईलमधलं पंचांग.

आधी ऑगस्टचं पान उघडा

दुकानात उभ्या उभ्या करायची पहिली तपासणी हीच. 1 ऑगस्ट 2026 ला शनिवार आहे. रविवारपासून सुरू होणाऱ्या चौकटीत या महिन्याला सहा ओळी लागतात. स्वस्त छपाईत ओळी पाचच असतात, मग 30 तारीख 23 च्या घरात आणि 31 तारीख 24 च्या घरात तिरकी रेघ मारून कोंबतात. एकतीस दिवसांचा महिना शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू झाला, किंवा तीस दिवसांचा शनिवारी, की हे होतंच. 2026 मध्ये ते मे आणि ऑगस्टमध्ये होतं. मेमध्ये 24 आणि 31 एका घरात येतात, तिथे फारसं बिघडत नाही.

ऑगस्टमध्ये मात्र बिघडतं. नागपंचमी सोमवारी, 17 तारखेला आहे. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार म्हणजे कानबाईची स्थापना, तो 23 ऑगस्ट. विसर्जन सोमवारी, 24 ला. म्हणजे खान्देशातला सगळ्यात मोठा घरगुती उत्सव नेमका त्या दोन कोंबलेल्या घरांत येतो. त्याच 24 आणि 31 ला श्रावणी सोमवारही आहेत. अर्ध्या घरात तिथी, नक्षत्र, सण, चंद्रोदय असं सगळं बसवायचं म्हटलं की अक्षर मुंगीएवढं होतं आणि काहीतरी गळतं. अशा वेळी गळतो तो स्थानिक सण. पुण्या-मुंबईत छापलेल्या पानावर कानबाईचा उल्लेख असेल की नसेल, हे ऑगस्टच्या पानावर बोट ठेवून पाहावं. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे गहू घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ मोजायचे, निवडायचे, दळायचे. ही तयारी आधी सुरू होते, त्यामुळे तारीख ऐनवेळी कळून भागत नाही.

वार डाव्या कडेला उभे आणि तारखा खाली उतरत जाणाऱ्या, अशी चौकट असेल तर सहावा स्तंभ आहे का ते बघावं. सोमवारपासून सुरू होणारी चौकट घेतली तर ऑगस्टची फक्त 31 तारीख उरते. कचेरीला ती बरी पडते. घरात मात्र रविवार पहिला असलेलीच घ्यावी असं आमचं मत आहे. त्याचं कारण पुढे, पाटणच्या शिलालेखाच्या ओघात येईल.

वार कधी बदलतो

पानावरची तारीख रात्री बाराला बदलते. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो. मंगळवारी पहाटे तीनला जन्मलेल्या बाळाची तारीख मंगळवारची लिहायची, पण पत्रिकेत वार सोमवारच लागतो. चांगल्या दिनदर्शिकेत हे पहिल्या किंवा शेवटच्या पानावर एका ओळीत लिहिलेलं असतं. नसेल तर नवख्या माणसाची पत्रिकेत गफलत होते, कारण सरकारी दाखला आणि पत्रिका यांत एका वाराचा फरक दिसतो आणि घरात वाद लागतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

भुसावळसारख्या गावात एकाच गल्लीत तिसरी रीतही चालते. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळीच शुक्रवारची रात्र लागते. मुस्लिम सण-तारखा छापणाऱ्या दिनदर्शिकेने हे सांगायला हवं. चंद्रदर्शनावर तारीख एक दिवस मागेपुढे होऊ शकते, एवढंच बहुतेक छापतात.

मुंबईची वेळ आणि आपला सूर्य

सूर्योदयावर वार, आणि छापलेला सूर्योदय बहुतेक वेळा मुंबईचा. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, या हिशोबाने नंदुरबारला मुंबईपेक्षा सुमारे 6 मिनिटं आधी उजाडतं, धुळ्याला 8, जळगावला 11, भुसावळला 12, रावेरला 13. यात अक्षांशाची भर पडते, कारण आपण मुंबईच्या उत्तरेला आहोत. जूनच्या अखेरीस जळगावचा सूर्योदय मुंबईच्या 15 मिनिटं आधी होतो आणि डिसेंबरच्या अखेरीस 7 मिनिटं आधी. सूर्यास्ताचं याच्या उलट: जूनमध्ये 7, डिसेंबरमध्ये 15 मिनिटं आधी. संकष्टीचा चंद्रोदयही साधारण 11 मिनिटं आधी धरावा, त्यात चंद्र किती उत्तरेला-दक्षिणेला आहे त्याप्रमाणे थोडी मिनिटं कमीजास्त. अंगारकीला पद्मालयाच्या गणपतीला जाणाऱ्यांनी, किंवा घरीच उपास सोडणाऱ्यांनी, मुंबईचा आकडा धरून बसू नये. ज्या दिनदर्शिकेत गावांचा फरक-तक्ता आहे आणि त्यात निदान जळगाव-धुळे आहेत, ती घ्यावी. नुसतं सोलापूर असलं तरी जळगावचं काम निभतं, कारण दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. फरक पडतो तो अक्षांशाचा.

राहूकाळाच्या तक्त्यात हाच घोळ मोठा होतो. सोमवारी साडेसात ते नऊ, असं बाराही महिने छापतात. हा आकडा सूर्योदय सहाला आणि दिवस बरोबर बारा तासांचा धरून काढलेला आहे. खरी रीत अशी: सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ समान भाग करायचे. सोमवारी दुसरा भाग, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. जळगावला जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि एक भाग 82 मिनिटांचा होतो, म्हणजे सोमवारचा राहूकाळ साधारण 8:23 ते 9:45. छापील तक्ता पाळणारा नऊ वाजता निर्धास्तपणे निघतो, तेव्हा हिशोबाने राहूकाळ अर्धाच झालेला असतो. पाळायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पाळणाऱ्याला चुकीचा तक्ता विकू नये.

होऱ्यांचा तक्ता: इथे दिनदर्शिकेची खरी परीक्षा होते

शेवटच्या पानांत होऱ्यांचा, म्हणजे दिवसाच्या चोवीस भागांचा तक्ता असतो. तो नीट वाचला तर वारांची नावं कुठून आली ते तिथेच छापलेलं सापडतं. सात ग्रह मंद गतीकडून शीघ्र गतीकडे असे लावले आहेत: शनी (एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची), गुरू (सुमारे बारा वर्षं), मंगळ (687 दिवस), रवी (एक वर्ष), मग शुक्र, बुध आणि शेवटी चंद्र (सव्वासत्तावीस दिवसांहून थोडी जास्त). दिवसाच्या चोवीस होऱ्या या क्रमाने एकेका ग्रहाला वाटायच्या. ज्या ग्रहाला सूर्योदयाची पहिली होरा, त्याचा तो वार. चोवीसला सातने भागलं की तीन उरतात, म्हणून पंचविसावी होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, यादीतल्या चौथ्या ग्रहाला जाते. शनीपासून चौथा रवी, रवीपासून चौथा चंद्र, चंद्रापासून मंगळ, मग बुध, गुरू, शुक्र आणि पुन्हा शनी. शनिवार, रविवार, सोमवार या क्रमाला दुसरं कुठलंही कारण लागत नाही.

आर्यभटाने हे 499 च्या आसपास आर्यभटीयात एका श्लोकात सांगितलं आहे: शनीपासून शीघ्र होत जाणारे सात होरेश, आणि त्यांतला प्रत्येक चौथा सूर्योदयापासून दिवसाचा स्वामी. तक्ता तपासायची रीत यातूनच मिळते. रविवारच्या स्तंभात वरून खाली रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ असंच यायला हवं. आठव्या, पंधराव्या आणि बाविसाव्या घरात पुन्हा रवीच हवा. चोविसाव्या घरात बुध, आणि शेजारच्या सोमवारच्या स्तंभाची सुरुवात चंद्राने. यांतलं एक जरी जुळलं नाही, तर अक्षरजुळणी करणाऱ्याचं एक घर घसरलेलं आहे आणि त्याखालचा सगळा स्तंभ खोटा आहे. तक्त्यात रवी, सोम, मंगळ, बुध असा वारांचाच क्रम खाली उतरताना दिसला, तर ती दिनदर्शिका परत ठेवून द्यावी.

ही रचना भारतात कुठून आली, याची माहिती बहुतेक दिनदर्शिकांच्या लेखांत धड दिलेली नसते. सगळं वेदांतच आहे म्हणून ते मोकळे होतात. वेदांग ज्योतिषात तिथी आणि नक्षत्रं आहेत, वार नाहीत. सात दिवसांचं चक्र पश्चिम आशियातलं जुनं, ज्यूंच्या शब्बाथाचं. ग्रहांची नावं आणि चोवीस होऱ्यांचा हिशोब ग्रीक-मिसरी ज्योतिषातून त्याला जोडला गेला. रोमन जगात इसवी सनाच्या पहिल्या शतकात ही नावं रूढ झालेली दिसतात, पाँपेईच्या भिंतींवर ती खरडलेली सापडली आहेत. सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये रविवार विश्रांतीचा ठरवला. भारतात वाराचा उल्लेख असलेला जुना लेख मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या एरणच्या स्तंभावर आहे: गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, गुप्त संवत 165, म्हणजे इसवी सन 484, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. गणिताने तपासलं तर 21 जून 484 ला खरंच गुरुवार येतो. बाहेरून आलेली कल्पना आपल्या गणितज्ञांनी घेतली, सूर्योदयाशी बांधली, अचूक केली आणि दीड हजार वर्षं एकही वार न चुकवता चालवली. यात अभिमान वाटण्यासारखं पुष्कळ आहे, त्यासाठी खोटी वंशावळ लागत नाही.

इंग्रजी नावं शेजारीच छापलेली असतात म्हणून एवढंच: त्यांतही हेच ग्रह आहेत. मंगळ, बुध, गुरू, शुक्र यांच्या जागी उत्तर युरोपातले टिव, वोडेन, थोर आणि फ्रिग हे देव बसले. शनी, रवी आणि चंद्र तसेच राहिले.

पाटणचा रविवार

चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीच्या डोंगरात शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची त्यात नोंद आहे. भाऊ दाजी यांनी तो 1865 मध्ये अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत कालगणनेचा आरंभ सांगितला आहे: लंकेच्या सूर्योदयाला, सूर्याच्याच वारी, चैत्र शुद्ध प्रतिपदेला दिवस, महिना, वर्ष आणि युग एकदम सुरू झाले. म्हणून खान्देशातल्या भिंतीवर रविवार पहिला हवा. आपल्याच मातीत शिकवलेल्या गणिताचा तो क्रम आहे.

त्याच परंपरेतली वार काढायची रीत अजूनही दिनदर्शिका तपासायला उपयोगी पडते. कलियुगाच्या आरंभापासून गेलेल्या दिवसांना अहर्गण म्हणतात, आणि तो आरंभ शुक्रवारचा. 1 जानेवारी 2026 च्या सूर्योदयाला गेलेले दिवस 18,72,576. सातने भागले की 6 उरतात. शुक्रवार शून्य धरून सहा मोजले की गुरुवार. ज्या पंचांगात अहर्गण छापलेला आहे, त्यात कुठल्याही एका दिवसासाठी हा भागाकार करून बघावा. शाळेतलं पोरही करू शकतं, आणि छापणाऱ्याने आकडा मागच्या वर्षावरून उचलला असेल तर लगेच उघडं पडतं.

या मोजणीत खंड कधीच पडलेला नाही. 1582 मध्ये पोपने दहा तारखा गाळल्या, तेव्हाही गुरुवार 4 ऑक्टोबरनंतर शुक्रवार 15 ऑक्टोबर आला. तारीख उडाली, वार नाही. फ्रेंच क्रांतीतला दहा दिवसांचा आठवडा आणि सोव्हिएत रशियातला पाच-सहा दिवसांचा, दोन्ही थोड्याच वर्षांत सोडून द्यावे लागले.

वारांची फेरी पक्की असल्यामुळे 2015 ची जुनी दिनदर्शिका तारीख-वारापुरती 2026 ला जशीच्या तशी चालते. पण तिच्यावरून सण काढू नयेत. 2015 ला अधिक आषाढ होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे (17 मे ते 15 जून), तिथ्या कुठच्या कुठे जातात.

हिंदी दिनदर्शिका: स्वस्त, पण श्रावणात फसवते

रावेर-मुक्ताईनगर पट्ट्यात आणि रेल्वे स्टेशनांजवळ हिंदी दिनदर्शिका भरपूर खपतात. छपाई ठसठशीत, किंमत कमी. त्यांचे महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला. 2026 मध्ये त्यांचा सावन 30 जुलैला लागतो, आपला श्रावण 13 ऑगस्टला. त्यांचे सोमवार 3, 10, 17, 24 ऑगस्ट. आपले 17, 24, 31 ऑगस्ट आणि 7 सप्टेंबर. 3 तारखेला उपास धरून 24 ला सोडणाऱ्याचे आपल्या रीतीचे दोन सोमवार बुडतात. घरात सून मध्य प्रदेशातली असेल तर दोन्ही दिनदर्शिका शेजारी टांगाव्यात. एकीवरून दुसरीचं काम होत नाही.

मराठी पानावर श्रावणाचा प्रत्येक वार लिहिलेला असावा: सोमवारी शिवपूजन, मंगळवारी मंगळागौर, बुध-गुरुवारी बुध-बृहस्पती, शुक्रवारी जिवती, शनिवारी अश्वत्थ-मारुती, रविवारी आदित्य राणूबाई. काही प्रकाशक सोमवार-मंगळवार छापून बाकीचे गाळतात. जिवतीच्या कागदावर हत्तीवर बसलेला बुध आणि वाघावरचा बृहस्पती आजही घरोघर चिकटवतात. वारांच्या ग्रहांची अशी पूजा चालू असताना त्यांचे दिवस पानावरून गाळणं हा मोठा दोष आहे, आणि आम्ही तो तसाच धरतो.

चौघडीचा तक्ता

नंदुरबार, शहादा, धुळ्याच्या पेढ्यांवर लक्ष्मीपूजनाला चौघडी पाहतात. दिवसाचे आठ भाग. रविवारची सुरुवात उद्वेगाने, सोमवारची अमृताने, मंगळवारची रोगाने, बुधवारची लाभाने, गुरुवारची शुभाने, शुक्रवारची चलने, शनिवारची काळाने. पुढचा क्रम उद्वेग, चल, लाभ, अमृत, काळ, शुभ, रोग, म्हणजे रवीपासून होऱ्यांचाच क्रम. भाग आठ आणि नावं सात, म्हणून पहिला आणि आठवा सारखाच हवा. एवढं जुळलं की दिवसाचा तक्ता बरोबर. रात्रीच्या चौघडीचा क्रम वेगळा असतो आणि लक्ष्मीपूजन संध्याकाळचं, तेव्हा रात्रीचा तक्ता नसलेली दिनदर्शिका पेढीच्या कामाची नाही.

फुकटची आणि मोबाईलची

फुकटच्या दिनदर्शिकेत कागद बरा असतो, तारखेचा आकडा लांबून दिसतो, पण तिथी असते किंवा नसते. तिच्यावर तालुक्यातल्या आठवडे बाजारांची यादी असेल तर ती जपून ठेवण्याजोगी. सातपुड्यात होळीआधीच्या आठवड्यात प्रत्येक गावचा भोंगऱ्या, म्हणजे होळीचा आदिवासी बाजार, त्या गावच्या बाजाराच्या वारीच भरतो, आणि ही माहिती पुण्यात छापलेल्या कुठल्याच पानावर मिळत नाही. दुसरा-चौथा शनिवार लाल आहे का तेही बघावं. बँकांना ही सुटी सप्टेंबर 2015 पासून आहे, तरी जुन्या साच्यावर छापलेल्या पानांत ते शनिवार अजून काळेच निघतात.

मोबाईलमधलं पंचांग गणिताला सगळ्यांत सरस, पण तीन गोष्टी हाताने बदलाव्या लागतात. ठिकाण आधीच दिल्ली, उज्जैन किंवा मुंबई धरलेलं असतं, तिथे आपलं गाव टाकायचं. महिना पौर्णिमान्त असेल तर अमान्त करायचा, त्याशिवाय श्रावण चुकतो. आठवड्याची सुरुवात रविवारी ठेवायची. हे झालं की सूर्योदय, राहूकाळ आणि चंद्रोदय आपल्या गावचे मिळतात. मग ते आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टीच्या घरात पेन्सिलीने लिहून ठेवावेत. ऑगस्टच्या पानावर 23 आणि 30 एका घरात आले असतील, तर 23 भोवती लाल गोल करून शेजारी कानबाई लिहावं.